कागदाचा मासा बाजूनं बघितला की गायब का होतो?

प्रश्न : मी गोव्यात फोंड्याकडे एका हायस्कूलात ड्रॉइंग शिकवते. आठवीला यंदा कागदाचं शिल्प हा प्रोजेक्ट दिला. मुलांनी काय केलं तर कार्डशीटवर मासा काढला, कापला, रंगवला, चमकी लावली आणि मागं पट्टी चिकटवून उभा केला. समोरून मस्त, बाजूनं बघितलं की नुसती रेघ. आणि हीच पोरं दिवाळीला माडाएवढा नरकासुराचा पुतळा उभारतात! मग वर्गात काय होतं त्यांना? थ्रीडी म्हणजे काय हे फळ्यावर सांगून सांगून थकले.
— एक कलाशिक्षिका

उत्तर : टीचर, अर्धं उत्तर तुम्हीच लिहिलंय की. नरकासुर करताना कोणी आधी पेन्सिल घेऊन बाह्यरेषा काढत बसत नाही, आधी सांगाडा बांधतात, मग गवत कोंबून पोट आणि दंड भरतात, कागद त्याच्यावर, आणि मुखवटा तर कितीदा बाजारातूनच येतो. म्हणजे पोरांना आकारमान कळतं, हाताला कळतं. वर्गात आपण पेन्सिल देतो तिथंच घोळ होतो, पेन्सिल हातात आली की रेघ आली, रेघ आली की मासा सपाट झालाच. म्हणून पहिल्या तासाला पेन्सिल बंद, रंग बंद, गम पण बंद. पांढरा कागद आणि बोटं, बस.

त्या तासाला प्रत्येकाला दोन ए-फोर कागद द्या. एकाची उभी नळी करायची, दुसऱ्याची आडवी, कडा फक्त टेकवून थोडी चिकटपट्टी लावायची. आता विचारा, तांदूळ कशात जास्त मावतील? बहुतेक पोरं सांगतात सारखेच, कागद सारखाच ना! भरून दाखवा. उंच नळीत साधारण १०४० घनसेंटीमीटर, बुटक्या जाड नळीत १४७० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दीडपट. हे बघितल्यावर वर्गात जी कलकल होते ना, ती माझ्या दहा लेक्चरांपेक्षा भारी. मग त्याच नळीवर एक वही ठेवा, सपाट असताना मान टाकणारा कागद वही तोलून धरतो. जत्रेतली चण्यांची पुडी आठवा म्हणावं, तीही वळवलेला कागदच.

(हे काही माझं डोकं नाही. जर्मनीतल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत योझेफ आल्बर्स १९२३ पासून सुरुवातीच्या वर्गाला शिकवायचे तेव्हा मुलांकडून नुसत्या कागदाच्या घड्या घालून घ्यायचे, आणि कागद वाया घालवायचा नाही ही अट.)

आता मासा. मुलांनी केलेले ते सपाट मासे टाकले नाहीत ना? टाकू नका, त्यांचाच कणा करायचाय. मुलांना विचारा घरी इसवण (सुरमई) कापतात तेव्हा कुडके, म्हणजे तुकडे, कसे दिसतात. सगळ्यांना माहीत असतं! मधले मोठे, लंबगोल, शेपटीकडे बारीक बारीक होत जातात. (श्रावणात विचारू नका, उगाच पोरांचे हाल. शाकाहारी मुलांना तवशाच्या (काकडीच्या) फोडी चालतात.) हाच तुमचा थ्रीडीचा धडा, मासा म्हणजे एकामागे एक ठेवलेले कुडके. प्रत्येक मुलानं आपल्या माशावर एक-एक इंचावर उभ्या खुणा करायच्या, इथं पेन्सिल चालेल, आणि तिथं माशाची जेवढी उंची तेवढ्याच उंचीचा लंबगोल कार्डशीटचा कापायचा. इथंच पोरं चुकतात, सगळे कुडके एकाच मापाचे कापतात आणि मग मासा कमी, सुरवंट जास्त. मग माशाला पोटाकडून अर्ध्या उंचीपर्यंत चीर, लंबगोलाला वरून अर्ध्यापर्यंत चीर, दोन्ही एकमेकांत अडकवायचं, गम लागत नाही. चीर कार्डशीटच्या जाडीएवढीच हवी, रुंद झाली की सगळं डुगडुगतं.

मासा तयार झाला की खिडक्या लावा आणि एका बाजूनं मोबाईलचा टॉर्च मारा. सावल्या पडल्या की मग मुलांना शेडिंग आपोआप कळतं, आपण चौथीपासून जे चेंडूवर घासायला लावतो ते. रंग हवाच असेल तर यानंतर, पण माझं मत विचाराल तर पांढराच ठेवा. पहिल्या वर्षी मी रंगीत कागद वाटले आणि शेवटी नुसतं डेकोरेशन झालं.

मार्क देताना मासा हातात घेऊन फिरवा. मागची बाजू सपाट सापडली की मार्क कापा, खवले किती सुंदर आहेत ते बघू नका.

प्रश्न : आमच्याकडे जुलैत कागदाचं काहीही केलं की दोन दिवसांत मान टाकतं. कुठला कागद घ्यायचा?
— सत्तरी तालुक्यातून एक पालक

उत्तर : पावसात कागद हवेतलं पाणी पितो, त्याला इलाज नाही, पण साधा ७५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद सोडून २०० च्या वरची कार्डशीट घ्या आणि फेविकॉल कमी वापरा, त्याच्यातही पाणीच असतं, कागद वाकडा होतो. घडी घालायच्या आधी संपलेल्या बॉलपेननं रेघ दाबून घ्या, नाहीतर जाड कागद घडीवर फाटतो. आणि दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, एका दिशेला तो सहज वळतो, नळ्या त्याच दिशेनं वळवा. उरलेल्या शीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून गादीखाली सपाट ठेवा. शक्य असेल तर शाळेलाच सांगा, हा प्रोजेक्ट चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर ठेवा म्हणून.