किमुरा लागत नाही? मग नुसता धरून ठेव

प्रश्न : ताई, मी कर्वेनगरला राहते, आठ महिने झाले ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकतीये. वजन 54 किलो. साइड कंट्रोलवरून, म्हणजे समोरचा पाठीवर पडलेला आणि मी त्याच्या छातीवर आडवी, किमुराची (हात वाकवून खांदा पिळायच्या डावाची) पकड मिळते मला, पण समोरचा 80 किलोचा असला की तो स्वतःची शॉर्ट्स मुठीत धरून बसतो, मी ओढत राहते, हात भरून येतात आणि शेवटी खाली मीच. सर म्हणतात फिनिश करू नकोस (खांदा पिळून हार मानायला लावू नकोस), नुसती पकड ठेव. पण ठेवून करू काय?

उत्तर : अगं, सर बरोबर सांगतायत. आपल्याकडे कुस्तीत पैलवान पाठीमागून कब्जा घेतो ना, तेव्हा लगेच चितपट करत नाही, तो आधी समोरच्याला दमवतो, मग घिस्सा मारतो. किमुरा हा तसाच कब्जा आहे, फरक एवढाच की इथे कमरेऐवजी खांदा धरलेला असतो, आणि खांदा जिकडे जाईल तिकडे माणसाला जावंच लागतं.

आता तुझी पकड बघ. एका हाताने त्याचं मनगट, दुसरा हात त्याच्या दंडाभोवतून घालून स्वतःच्याच मनगटावर, इथपर्यंत तू करतच असशील. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, खाली वेढू नकोस. आणि मुख्य म्हणजे त्याचं कोपर तुझ्या छातीला चिकटलेलं पाहिजे, मध्ये फट राहिली की तू दंडाच्या ताकदीवर खेळतेस आणि तिथे 80 किलो जिंकणारच.

त्याने शॉर्ट्स धरली की ओढणं बंद कर. त्याचा एक हात तिथे गुंतलाय आणि बहुतेक वेळा दुसराही मदतीला येतो, म्हणजे तुला ढकलायला हातच उरला नाही! त्याचा हात छातीशी कवटाळून अख्ख्या धडाने वळ, तो कुशीवर येईल, मग त्याच्या डोक्यावरून पाय टाकून पाठीमागे बस. तिथून पाठ घे, म्हणजे मागून पाय त्याच्या मांड्यांत अडकवून चिकट, नाहीतर हात सरळ झाला तर आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणायचा डाव. स्पर्धेत पाठ घेतल्याचे 4 पॉइंट मिळतात, ते काय कमी आहेत का.

सराव असा कर, जोडीदाराला सांग की तू सुटायचा प्रयत्न कर, मी फिनिश करणार नाही. 3 मिनिटं. पकड सुटली की परत पहिल्यापासून. पहिल्या आठवड्यात सारखी सुटेल, चालेल.

आणि फिनिश करशील तेव्हा सावकाश, प्लीज. या डावाला ज्यांचं नाव आहे त्या जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुरांनी 1951 मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये ब्राझिलियन जिउ-जित्सू घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या हेलिओ ग्रेसींना हाच लावला होता, हात मोडला तरी हेलिओंनी टॅप केलं नाही (हाताने थापटून हार मानली नाही), शेवटी त्यांच्या बाजूने हार मानायचा टॉवेल पडला. ती लढत होती, तुझा मंगळवारचा क्लास आहे. जोडीदाराचा हात पाठीमागे वळायला लागला की थांब, त्याला टॅप करायला वेळ दे, आणि तुझा हात अडकला तर दुखायची वाट न बघता तूही टॅप कर.