प्रश्न वाचकांचे : वाढत्या वयाचे चित्रपट

प्रश्न : माझा मुलगा अकरावीसाठी लातूरला वसतिगृहात राहतो. सुटीत घरी आला तेव्हा तो मित्र दुरावलेल्या, एकट्या पडलेल्या मुलांचेच चित्रपट पाहत बसला होता. विचारल्यावर ‘तुला नाही कळणार’ एवढेच म्हणाला. असे चित्रपट पाहून त्याचे मन अधिकच खचणार नाही का?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, आपल्या मुलाच्या आवडीत मला धोका दिसत नाही. दहावीचा निकाल लागला की परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, धाराशिव अशा सर्व बाजूंनी मुले-मुली लातूरच्या क्लासेसकडे निघतात. त्यानंतर घरचे फोनवर त्यांच्याशी बोलतात ते चाचणीतल्या गुणांविषयी आणि मेसच्या जेवणाविषयी. ज्याच्याबरोबर अनेक वर्षे एका बाकावर बसलो तो मित्र गावातच राहिला आणि भांडण काहीच झालेले नसताना आता त्याच्याशी बोलायला विषय उरत नाही, हे दुःख घरात सांगण्याची आपल्याकडे रीत नाही. मुलगा ते पडद्यावर पाहतो, तेव्हा निदान आपल्याला जे होते आहे ते इतरांनाही होते, एवढे त्याला कळते. खचलेल्या मनाला याचा आधारच होतो.

अविनाश अरुण दिग्दर्शित ‘किल्ला’ आपण अवश्य पाहावा. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांसाठीच्या विभागात त्याला क्रिस्टल बेअर हा सन्मान मिळाला. वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेल्या चिन्मयला नवे मित्र मिळतात. पण किल्ल्यावर भर पावसात ते त्याला एकटे सोडून निघून जातात आणि ही गोष्ट त्याच्या मनातून जात नाही. मोठ्यांना हा प्रसंग किरकोळ वाटतो. त्या वयात मात्र विश्वासाला गेलेला असा तडा फार खोल असतो, आणि दिग्दर्शकाने तो तितक्याच गांभीर्याने घेतला आहे. मला या चित्रपटात त्याहून महत्त्वाची वाटते ती आई. अमृता सुभाष यांनी उभी केलेली ही बाई नव्या कचेरीत, नव्या गावात मुलाइतकीच एकटी आहे, आणि दोघेही एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प राहतात. आपल्या पत्रातही मला हेच जाणवले. मुलाच्या एकटेपणाविषयी आपण बरेच लिहिले आहे. त्याच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या घराविषयी एक शब्दही लिहिलेला नाही.

म्हणूनच सत्यजित राय यांचा १९५६ सालचा ‘अपराजितो’ मी मुलापेक्षा आपल्यालाच सुचवेन. शिष्यवृत्ती मिळवून अपू कोलकात्याला शिकायला जातो. दिवसा कॉलेज, रात्री छापखान्यातले काम, यांत गाव हळूहळू मागे पडते आणि त्याची आई सर्वजया खेड्यात त्याच्या पत्रांची वाट पाहते. आजारी असूनही त्याच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून ती त्याला काही कळवत नाही. एकदा सुटी संपवून परत निघालेला अपू स्टेशनवर पोहोचतो, गाडी समोर येते, तरी तो चढत नाही. घरी येऊन गाडी चुकल्याचे आईला सांगतो आणि आणखी एक दिवस राहतो. मुलाला आई हवी असते आणि तिच्यापासून दूर जायचेही असते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे इतक्या सरळपणे सांगणारा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. बंगालमध्ये हा चित्रपट सुरुवातीला फारसा चालला नाही, कारण आईपासून दुरावणारा मुलगा पाहणे तिथल्या प्रेक्षकांना जड गेले. १९५७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात मात्र त्याला सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णसिंह, मिळाला. ‘तुला नाही कळणार’ हे मुलाचे वाक्य या चित्रपटानंतर आपल्याला वेगळे ऐकू येईल, असे मला मनापासून वाटते.

उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’बाबत मात्र सावध राहावे. समीर आणि नचिकेत या नात्याने भाऊ असलेल्या, एकमेकांना सर्व काही सांगणाऱ्या दोन मुलांची ही गोष्ट आहे; त्यातला एक विहिरीत मरण पावतो आणि दुसरा त्या मृत्यूचा अर्थ शोधत राहतो. चित्रपट अत्यंत उत्तम आहे, परंतु मन आधीच उदास असलेल्या मुलाने तो वसतिगृहाच्या खोलीत एकट्याने पाहू नये. सुटीत घरी सर्वांनी मिळून पाहावा.

पाहून झाल्यावर ‘यातून काय शिकलास?’ असे विचारू नये. त्याला बोलायचे असेल तर तो जेवताना किंवा निघण्याच्या गडबडीत आपणहून बोलेल. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो : झोप उडणे, जेवण सुटणे, क्लासला जाणे बंद होणे किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा तोंडी येणे, यांपैकी काहीही आढळले तर त्याचा संबंध चित्रपटांशी जोडत बसू नये. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथे बोलावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

प्रश्न : वाढत्या वयाचे हे सगळे चित्रपट मुलग्यांचेच का असतात? आमच्या वसतिगृहातल्या मुलींना एकत्र पाहता येईल असा एखादा सुचवाल का?
– एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : तक्रार रास्त आहे. मराठीत शाळकरी मुलगी पुष्कळदा दिसते, पण बहुतेक वेळा नायकाच्या नजरेतून. तिचा एकटेपणा आणि तिच्या मैत्रिणी यांना कथेत जागा मिळत नाही. आपण रीमा दास यांचा ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ हा असमिया चित्रपट पाहा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. पुराने पिके जाणाऱ्या गावातली धुनू मुलांबरोबर झाडावर चढते, गिटारचे स्वप्न पाहते, आणि बायाबापड्या नावे ठेवू लागल्या की तिची विधवा आई तिच्या बाजूने उभी राहते. उपशीर्षकांसह पाहावा; संवाद थोडे असल्याने अडचण येत नाही. धुनूच्या पहिल्या पाळीचा आणि त्यानंतरच्या विधींचा भाग कुणी संकोचाने पुढे ढकलू लागल्यास ढकलू देऊ नका, कारण तिचे वागणे-फिरणे बदलावे असा दबाव तिथूनच वाढतो आणि ती तो कसा झेलते, यावर पुढचा चित्रपट उभा आहे.