‘जे सौम्य ते धन्य’: यातला ‘सौम्य’ फिका आहे का?

नाशिकरोडहून एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या शेजारचे ख्रिस्ती आजोबा गेले. प्रेसमधून निवृत्त झालेले, दणदणीत आवाजाचे. घरच्यांना कबरीच्या दगडावर मत्तयच्या शुभवर्तमानातलं वचन कोरायचं आहे: ‘जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील.’ नातवाला ‘सौम्य’ खटकतो. त्याच्या कानाला सौम्य म्हणजे तान्ह्या बाळाचा साबण, सौम्य ताप, सौम्य लाठीमार. आमचे आजोबा असे पातळ केलेले नव्हते, म्हणतो. त्याऐवजी ‘नम्र’ चालेल का?

मी म्हणेन, बदलू नका. नातवाचं प्रेम कळतं मला, पण या शब्दावर अन्याय होतोय.

त्यानेच दिलेला लाठीमार घेऊ. सौम्य लाठीमार कोण करतं? ज्याच्या हातात लाठी आहे तो. सौम्य शिक्षा कोण देतं? ज्याला कडक शिक्षा देता येते तो. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला आपण सौम्य म्हणत नाही. त्याच्यासाठी मराठीत वेगळे शब्द ढिगाने आहेत: लेचापेचा, शामळू, मेंगळट, पडखाऊ. म्हणजे साबणाच्या जाहिरातींनी शब्द कितीही गुळगुळीत केला, तरी त्याच्या पोटात ताकद अजून शिल्लक आहे.

मूळ शब्द सोमापासून आला, सोम म्हणजे चंद्र. चंद्रासारखा शीतल तो सौम्य, आणि त्याच्या समोर उभा राहतो तो ‘उग्र’. मूर्तींचंही आपण असंच वर्णन करतो, सौम्य रूप नि उग्र रूप. आपल्या जिल्ह्यातली सप्तशृंगीच पाहा. अठरा हातांत आयुधं आहेत. समोरच मार्कंडेय ऋषींचा डोंगर, आणि मार्कंडेयांच्याच नावाने चालत आलेल्या देवीमाहात्म्यात देवीला ‘खड्गिनी शूलिनी घोरा’ म्हणून झाल्यावर लगेच पुढच्या श्लोकात ‘सौम्या सौम्यतरा’ म्हटलंय. खड्ग हातात असलेलीच सौम्य. बायबलच्या वचनाला देवीचा दाखला देतोय याचं कुणाला नवल वाटेल, पण शब्द दोन्हीकडे एकच आहे आणि भाषांतरकारांनी तो याच भाषेच्या कोठारातून उचलला.

आता मुळाकडे. मत्तयच्या मूळ ग्रीक पाठात तिथे ‘प्राउस’ असा शब्द आहे. तो माणसांना लावत, तसाच माणसाळलेल्या जनावरांनाही लावत. ॲरिस्टॉटलने या गुणाची जागा ऊठसूट भडकणारा आणि रागावायला हवं तिथेही न रागावणारा, या दोघांच्या मधोमध ठरवली होती. रागच येत नाही त्याला हा गुण लागू होत नाही.

जनावरांवरून निफाडकडचं मामाचं खळं डोळ्यासमोर येतं. मामाकडे एक खिलार बैल होता. आम्ही पोरं भीत भीत लांब उभी राहिलो की मामा म्हणायचा, ‘या रे, गरीब आहे तो, मारत नाही.’ त्याच्या पोटाखालून आम्ही या बाजूचे त्या बाजूला जायचो; तो फक्त कातडी थरथरवून माशा उडवायचा. तोच बैल लासलगावच्या बाजाराला कांद्याची भरलेली गाडी चढावर ओढायचा, तेव्हा मानेवरची शीर अंगठ्याएवढी फुगायची. अशक्त असता तर मामाने त्याला दावणीला ठेवलाच नसता. खेड्यातलं हे ‘गरीब’ म्हणजेच ‘प्राउस’, माझ्या मते पुस्तकी सौम्यापेक्षाही जवळचं. पण वचनात ते चाललं नसतं. दोनच ओळी आधी ‘जे आत्म्याने दीन ते धन्य’ आहे. लगेच ‘गरीब’ आलं असतं तर वाचणाऱ्याने पैशाची गरिबी धरली असती. ‘मवाळ’चं तर १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर जहालांशी असं जोडनाव झालं, की तो शब्द ऐकताच आपल्या डोक्यात राजकारण सुरू होतं.

येशू स्वतःविषयीही हेच म्हणतो: ‘मी मनाचा सौम्य व लीन आहे’, आणि त्याच दमात ‘माझे जू आपणांवर घ्या’ म्हणतो. जू म्हटलं की मला मामाचाच बैल आठवतो. मत्तयच्या एकविसाव्या अध्यायात येशू गाढवावर बसून यरुशलेमात शिरतो, तिथे पुन्हा ‘प्राउस’ आहे. आणि त्याच अध्यायात, थोड्याच ओळींनंतर, मंदिरातल्या सराफांचे चौरंग तो उलथून टाकतो.

‘नम्र’ का नको? ‘नम्’ म्हणजे वाकणं. नम्रता प्रामुख्याने आपल्यापेक्षा मोठ्यापुढे दिसते, वरिष्ठापुढे, वडीलधाऱ्यांपुढे. सौम्यपणाची परीक्षा उलट्या दिशेला होते: आपल्यापेक्षा दुबळा, चुकलेला किंवा आपल्या अंगावर धावून आलेला माणूस समोर असतो तेव्हा. साहेबापुढे नम्र आणि शिपायावर उग्र अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो.

ताईंनीच एक प्रसंग लिहिलाय. पाण्याच्या टँकरपाशी एकजण आजोबांवर खेकसला, रांग मोडली म्हणून, मोडली नव्हती. आजोबांनी त्याचा हंडा उचलला, आपल्या हंड्याच्या पुढे ठेवला आणि म्हणाले, ‘भरून घ्या, तुमच्याकडे लहान लेकरं आहेत.’ बायबलच्याच नीतिसूत्रांत ‘मृदू उत्तराने कोपाचे निवारण होते’ असं आहे. इथे तर उत्तराबरोबर हंडाही सरकला. याला नम्र म्हटलं तर प्रसंग अर्धाच सांगितल्यासारखा होतो.

आणि ‘वतन’! यावर कुणीच काही विचारलं नाही, पण ओळीचा खरा कणा तो आहे. अरबीतून आलेला हा शब्द देशासाठी होता. मराठीत तो पिढीजात हक्काचा झाला. पाटलाचं, कुलकर्ण्याचं, देशमुखाचं वतन. त्यापायी भाऊबंदकी झाली, पिढ्यान्पिढ्या तंटे चालले. काहींसाठी तर वतन ही बेडीच होती. पिढ्यान्पिढ्या गावकीच्या कामांना जखडून ठेवणाऱ्या महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं होतं. असा दांडगाईचा वास असलेला शब्द भाषांतरकाराने सौम्य माणसाच्या पदरात घातला. मुळातही हेच आहे: बायबलच्या जुन्या करारातल्या ३७ व्या स्तोत्रातलं वचन येशू इथे पुन्हा उच्चारतो, दुष्टांची भरभराट पाहून जळफळू नका, जमीन लीनांना मिळेल. मराठी वाचकाला यातला धक्का ‘वतन भोगतील’ एवढ्या दोन शब्दांत पोचतो.

म्हणून दगडावर जागा कमी पडली तर अक्षरं बारीक करा, पण ‘जे सौम्य ते धन्य’ एवढ्यावर ओळ तोडू नका. आणि कोरणाऱ्याला कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या: ‘सौ’वर अनुस्वार नाही. ‘सौंम्य’ असं एकदा दगडात गेलं की खोडता येत नाही.