ग्रामीण रुग्णालयातली प्रसूतीची सेवा बंद पडू नये म्हणून गावकऱ्यांनी काय करावं?

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सिझर बंद झालं, बाळंतिणींना सरसकट जिल्ह्याला पाठवतात, आता प्रसूती विभागच गुंडाळणार असं कानावर येतंय. गावाने काय करावं, आणि मोर्चा काढून काही होतं का? मी २६ वर्षं सरकारी रुग्णालयांत सिस्टर होते, त्यातली बरीचशी लेबर रूममध्ये गेली. निवृत्त झाल्यावर आमच्या तालुक्यात आम्ही काही जण याच कामाच्या मागे लागलो, म्हणून सविस्तर लिहिते.

सेवा बंद करण्याचा आदेश सहसा निघतच नाही. मी तरी माझ्या नोकरीत एकही पाहिला नाही. भूलतज्ज्ञांची बदली होते आणि त्यांच्या जागी कोणी येत नाही. भूल द्यायला कोणी नाही म्हणून सिझर होत नाही. सिझर होत नाही म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ कंटाळतात आणि बदली मागतात. ते गेले की पहिलटकरीण असो, बीपी थोडं वाढलेली असो, सगळ्यांच्या हातात रेफरची चिठ्ठी. बायकांना हे बरोबर कळतं. त्या सातव्या महिन्यातच खासगीत नाव घालतात, त्यासाठी दागिना मोडावा लागला तरी. मग प्रसूतींचा आकडा पडतो आणि वरच्या आढावा बैठकीत प्रश्न येतो की महिन्याला चार-पाच प्रसूती होतात तिथे इतक्या सिस्टर कशाला? त्यांची प्रतिनियुक्ती दुसरीकडे होते. बाहेर पाटी तशीच असते, आत बाळाच्या वॉर्मरवर चादर टाकलेली असते.

प्रतिनियुक्ती हा शब्द तुम्ही नीट लक्षात ठेवा. माणूस कागदावर तुमच्या रुग्णालयात, पगार तुमच्या रुग्णालयातून, आणि काम करतो जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये. तुम्ही विचारलंत की पद रिकामं आहे का, तर उत्तर येतं की पद भरलेलं आहे, आणि ते खोटंही नसतं. त्यामुळे माहिती अधिकारात अर्ज कराल तेव्हा मंजूर पदं आणि भरलेली पदं एवढंच मागू नका. तिसरा रकाना मागा: आजच्या तारखेला प्रत्यक्ष या रुग्णालयात कोण काम करतंय, प्रतिनियुक्तीवर कोण आहे, कुठे, आणि कोणत्या आदेशाने. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सोबत मागच्या १२ महिन्यांचे महिनावार आकडे मागा: किती प्रसूती, किती सिझर, किती बायका रेफर आणि कोणत्या कारणाने. नावं मागू नका. ती द्यायचीही नसतात आणि तुम्हाला लागतही नाहीत.

रेफरच्या त्या रकान्यामागे काय असतं ते एका रात्रीवरून सांगते. पहाटे तीनच्या सुमाराला एकीची तिसरी खेप झाली, बाळ छान रडलं, पण बाळामागून पडायला हवी ती वार पडेना. रक्त थांबेना. सलाईन, इंजेक्शन, जे माझ्या हातात होतं ते सगळं केलं. डॉक्टर रजेवर. रक्त साठवायचा फ्रीज आमच्याकडे होता, पण परवान्याचं नूतनीकरण अडकल्यामुळे तो कित्येक महिने बंद होता. १०८ आली. पुढे ६० किलोमीटर, मध्ये घाट. मी तिच्या पोटावर हात दाबून गर्भाशय चोळत बसले, सासूच्या मांडीवर बाळ, आणि प्रत्येक वळणाला मी तिला नावाने हाक मारत होते, कारण ती उत्तर द्यायची थांबली असती तर मला कळायला हवं होतं. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव दोन तासांतसुद्धा जीव घेतो. ती वाचली. माझं मनगट त्यानंतर दोन दिवस सुजलेलं होतं. रजिस्टरमध्ये मात्र या सगळ्याची एकच ओळ आहे: ‘वार अडकली, पुढील उपचारासाठी संदर्भित’. अशा ओळी मोजल्या की गावाच्या हातात बोलायला काहीतरी येतं.

आता दार कोणतं ठोठावायचं. इथे लोकांचं वर्षवर्ष जातं. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, म्हणजे सिव्हिल सर्जनकडे, आणि त्यांच्यावर मंडळाचे आरोग्य उपसंचालक. आम्ही पहिलं निवेदन जिल्हा परिषदेत दिलं. तिथल्या लोकांनी ते पुढे पाठवलं, पण त्यात तीन महिने गेले. यंत्रसामग्री किंवा इमारत अडली असेल तर जिल्हा नियोजन समितीतून पैसे मिळू शकतात, तिथे पालकमंत्री अध्यक्ष असतात, म्हणून आमदारांकडे ती मागणी वेगळ्या कागदावर द्या.

निवेदनात कायदा लिहायचा असेल तर एकच निकाल पुरतो. १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तातडीचे उपचार वेळेवर न देणं म्हणजे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत या कारणावरून सरकारला ही जबाबदारी झटकता येत नाही. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं होतं, त्यावरचा हा निकाल आहे. तुमच्या रेफरच्या आकड्यांखाली तो अगदी चपखल बसतो.

मोर्चाबद्दल. आमच्या पहिल्या मोर्चात १७ मागण्या होत्या, रस्त्यापासून शवागारापर्यंत. उत्तरात प्रत्येकीसमोर ‘कार्यवाही सुरू आहे’ असं लिहून आलं आणि लोक दमले. दुसऱ्या वेळी एकच मागणी ठेवली: अमुक आदेशाने केलेल्या दोन परिचारिकांच्या प्रतिनियुक्त्या रद्द करा. आदेशाचा क्रमांक बॅनरवर लिहिला होता. चार महिन्यांत दोघी परत आल्या. मोर्चाचा उपयोग होतो, पण मागणीवर एकाच अधिकाऱ्याची सही पुरेशी असेल अशी ती असावी.

मोर्च्याइतकीच जनसुनवाई परिणाम करते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली, आधी अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत, आणि पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने तिचं राज्यपातळीवर समन्वयन केलं. गावातल्या बायका माइकवर आपला अनुभव सांगतात, अधिकारी समोर बसून उत्तर देतात, आणि सगळ्यांसमोर तारीख ठरते. तुमच्याकडे तशी प्रक्रिया नसेल तरी ग्रामसभेत हेच करता येतं. एकेका गावाच्या ठरावापेक्षा दहा-बारा गावांचे एकाच मजकुराचे ठराव जास्त भारी पडतात. रुग्णालयाचा निधी कसा वापरायचा ते ठरवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीची शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त कुठे आहे, हेही विचारा. आमच्याकडे दीड वर्षात बैठक झाली नव्हती आणि निधी शिल्लक होता.

आता जे ऐकायला आवडणार नाही ते. रुग्णालय वापरलं नाही तर ते वाचत नाही. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, आहार, नेणं-आणणं सगळं मोफत आहे, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत इतर उपचारही मोफत झाले. तरी ज्यांची प्रसूती साधी होणार आहे अशा बायकाही तिथे येत नाहीत, कारण भरवसा गेलेला असतो. आम्ही आशाताईंना घेऊन घरोघरी गेलो आणि आधी खरं काय ते सांगितलं: इथे साधी प्रसूती नीट होते, सिझर आज होत नाही, तुमची तब्येत अशी असेल तर आधीच सिव्हिलला जा. अर्धवट आश्वासन देऊ नका, एक बाई फसली की पन्नास घरं जातात.

आणि जे डॉक्टर, सिस्टर टिकून आहेत त्यांना सांभाळा. रात्री दोनला एकटी सिस्टर ड्यूटीवर असते आणि बाहेर वीस माणसं ओरडत असतात. मी ते सोसलंय. २०१० च्या कायद्याने डॉक्टर-नर्सवर हात उचलणं गुन्हा आहे, पण गुन्हा नोंदवून डॉक्टर थांबत नाही, तो निघून जातो आणि त्या जागेवर यायला कोणी धजत नाही. बंधपत्रावर, म्हणजे शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा करायच्या अटीवर आलेला तरुण डॉक्टर वर्षभरासाठी असतो. त्याच्या क्वार्टरला पाणी येतं का, दार नीट लागतं का, हे आमच्या गावाने पाहिलं, आणि तो मुदत संपल्यावर आणखी एक वर्ष राहिला.

आमच्याकडे आज रक्ताचा फ्रीज चालू आहे. जवळच्या शहरातले खासगी भूलतज्ज्ञ मानधनावर कॉल आला की येतात, त्यामुळे दिवसाची सिझर सुरू झाली. रात्रीची अजून होत नाहीत, आणि आमचा सध्याचा पाठपुरावा तेवढ्या एका गोष्टीसाठी आहे. तुमच्याकडे आधी कोणतं माणूस गेलं, भूल देणारं की प्रसूती करणारं, ते कमेंटमध्ये कळवा. अर्जाचा आमचा मसुदा मी त्याप्रमाणे बदलून इथेच टाकते.