ट्रॅक्टरवाला गावातलाच आहे, पन्नास हजार घेऊन स्टॅम्पवर सही करून द्यावी का?

सही करू नका. निदान हे पूर्ण वाचेपर्यंत तरी नका करू.

तुमच्या प्रश्नावरून मला एवढं समजलं: बाबा ४६ वर्षांचे, शेतमजूर. बाजारातून सायकलनं परतताना गावातल्याच ट्रॅक्टरनं मागून उडवलं, मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला. तीन आठवडे झाले, एफआयआर नाही. मालक पन्नास हजार द्यायला तयार आहे आणि पाचशेच्या स्टॅम्पवर 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून मागतोय.

अशीच सही मी २०१८ मध्ये केली होती. डिसेंबर महिना, कापसाचा ऐन सीझन. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाबाहेर वळणावर कापसानं भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चाकाखाली दोन धोंडे तेवढे लावलेले. माझी मोटरसायकल मागून त्यात घुसली. उजवा हात आणि गुडघा गेला. चौथ्या दिवशी मालक, त्याचा साळा आणि गावातली दोन वजनदार माणसं दवाखान्यात आली. "कायले पोलिसाच्या लफड्यात पडतं भाऊ, खर्च मी देऊन राह्यलो न," म्हणत त्यानं १५ हजार उशीखाली सरकवले. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली. कागदात काय आहे ते वाचलंही नाही. त्यात लिहिलं होतं, 'माझाच गाडीवरचा ताबा सुटला.'

गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन निघालं तोवर ते पैसे केव्हाच संपले होते. मग भरपाईचा क्लेम टाकला, तर विमा कंपनीच्या वकिलानं तोच कागद पुढे केला. क्लेम वाचला तो एका ओळीमुळे. पहिल्या रात्री सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं केसपेपरवर 'उभ्या ट्रॉलीला धडक' असं लिहून ठेवलं होतं. तरी निम्मा दोष माझ्यावर आला आणि रक्कम निम्मी झाली. मागून मीच धडकलो होतो, त्यामुळे थोडा दोष आलाच असता. पण निम्मा दोष त्या कागदानं आणला, असं माझ्या वकिलाचं मत होतं.

आपल्याकडं सगळ्यांना वाटतं की क्लेम टाकला म्हणजे गावातल्या माणसाच्या घरावर नांगर फिरवला. तसं नसतं. कोर्टात मालकाचं नाव येतं, पण ट्रॅक्टरचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर पैसे भरते कंपनी. आमचा मालक दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. त्याच्या घरून रुपयाही गेला नाही हे कळलं, तेव्हा हरभरा पेरायला तोच ट्रॅक्टर घेऊन आला. भाडं मात्र पूर्ण घेतलं.

म्हणून आधी ट्रॅक्टरचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून विमा कधीपर्यंत आहे ते बघा. मालकाला इतकी घाई झाली असेल तर विमा संपलेला असण्याचीही शक्यता आहे. तसं असेल तर भरपाई खुद्द मालकावर बसते, आणि मग त्याची घाई समजण्यासारखी आहे. ड्रायव्हरकडं लायसन्स नसेल तर कोर्ट सहसा कंपनीला आधी तुम्हाला पैसे द्यायला लावतं, मग कंपनी मालकाकडून वसूल करते.

आता पन्नास हजार म्हणजे किती ते बघू. कायद्यात हाड मोडणं ही गंभीर दुखापत धरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही त्याला २.५ लाख आहेत. पण ते स्वीकारले की समोरच्याची चूक दाखवून मागायचा कलम १६६ चा मोठा दावा संपतो. १६६ मधला हिशोब असा: समजा कमाई महिना १२ हजार धरली. या वयाला पुढच्या वाढीचे २५ टक्के मिळवतात, झाले १५ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. काम करण्याची ताकद ३० टक्के गेली असं ठरलं तर वर्षाचं नुकसान ५४ हजार. या वर्षाच्या नुकसानीला वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणतात, ४६ ते ५० वयाला तो १३. झाले ७ लाख २ हजार. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, सोसलेला त्रास हे वेगळं, आणि त्यावर व्याज. हाड नीट जुळून बाबा पहिल्यासारखे चालायला लागले तर आकडा बराच खाली येईल, हेही लक्षात ठेवा.

अपंगत्वाच्या दाखल्यावर २० टक्के लिहिलं म्हणून कोर्ट २० च धरतं असं नाही. माणूस काय काम करत होता आणि आता त्यातलं काय जमत नाही ते बघायचं, हे सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सांगितलेलं आहे. निंदणाला उकिडवं बसता येत नाही, फवारणीचा पंप पाठीवर घेता येत नाही, हे साक्षीत स्पष्ट आलं पाहिजे.

सगळ्यात आधी दवाखान्यातला पहिला केसपेपर काढा. त्यावर 'सायकल घसरून पडले' असं लिहिलं असेल तर तेच सगळ्यात जड जाईल. ॲम्ब्युलन्समध्ये ट्रॅक्टरवालाच सोबत बसलेला असतो, आणि पेशंट भिडेखातर तसं सांगून टाकतो. मग उद्याच ठाण्यात जाऊन रिपोर्ट द्या. रिपोर्टला उशीर झाला एवढ्या कारणानं क्लेम फेटाळत नाहीत, पण उशीर का झाला ते जबाबात खरं खरं सांगा: बाबा भरती होते, मालक मांडवलीचं बोलत होता. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, एक्स-रे, सगळं एका पिशवीत ठेवा. औषधाच्या पावत्यांची शाई उडते, झेरॉक्स आजच काढा.

माझ्या वेळी मुदतीचं बंधन नव्हतं. १ एप्रिल २०२२ पासून अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, तेवढ्यातच अर्ज टाका. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात टाकता येतो. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा; अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, बाई, अपंग अशा काहींना उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांना उत्पन्न बघून मोफत वकील मिळतो. क्लेममधले इतके टक्के माझे, असं म्हणणाऱ्या वकिलापासून लांब राहा, तशी टक्केवारी घ्यायला त्यांना मनाई आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचं कोणी सुचवलं असेल तर ती सातबारावाल्या शेतकरी कुटुंबासाठी आहे, तुम्हाला लागू दिसत नाही.

मालक स्वतःहून दवाखान्याचं बिल भरत असेल तर भरू द्या, नाही म्हणू नका. जेवढे पैसे मिळाले तेवढ्याचीच पावती लिहून द्या. त्यात 'तक्रार नाही' किंवा 'चूक आमची' असं काही दिसलं तर पेन खाली ठेवा आणि कागदाचा मोबाइलवर फोटो काढून घ्या.