प्रश्न वाचकांचे : भयकथेची खोली पेटीत मांडताना

प्रश्न : गाजलेल्या भयकथांमधील प्रसंग लाकडी पेटीत लहान आकारात उभारण्याचा छंद मला लागला आहे. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांच्या ‘द मंकीज पॉ’ या कथेचा शेवट मी केला : उघडे दार, बाहेर परत आलेला मुलगा, जखमांना लाल रंग, वरून निळा दिवा. पाहणारे घाबरत तर नाहीतच, उलट गणपतीची आरास छान जमली आहे, असे म्हणतात. यात काय बदलावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या हातात कसब आहे, दोष निवडलेल्या क्षणाचा आहे. 1902 साली प्रसिद्ध झालेल्या या कथेत परत आलेला मुलगा वाचकाला एकदाही दिसत नाही. एका सार्जंट-मेजरने हिंदुस्थानातून आणलेला माकडाचा वाळका पंजा तीन इच्छा पुऱ्या करतो. पहिल्या इच्छेचे दोनशे पौंड मुलगा यंत्रात सापडून मेल्यावर भरपाई म्हणून घरी येतात, मुलगा जिवंत व्हावा, या दुसऱ्या इच्छेनंतर रात्री दारावर थाप पडते आणि तिसऱ्या इच्छेनंतर दार उघडले जाते, तेव्हा समोर दिव्याखालचा रिकामा रस्ता असतो. लेखकाने शेवटपर्यंत जे झाकून ठेवले, तेच आपण लाल रंग लावून उजेडात उभे केले.

म्हणून दार बंद करावे आणि प्रसंग थोडा मागे न्यावा. कथेत हा क्षण इतका नेमका सांगितलेला आहे, की त्यावरून सुतारालाही काम करता यावे. साखळी काढून झाली आहे, खालची कडी कष्टाने सरकवली आहे, वरच्या कडीला हात पोहोचत नाही म्हणून आईने खुर्ची दाराशी ओढली आहे आणि त्याच वेळी वरच्या खोलीत वडील अंधारात रांगत जमिनीवर पडलेला पंजा चाचपत आहेत. पेटी अर्थातच दुमजली आणि समोरून उघडी हवी. ज्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी 1843 साली ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणले, तेथील वाचकाला प्रेक्षकांच्या बाजूची चौथी भिंत काढण्याची युक्ती निराळी सांगायला नको. प्रमाण एकास बारा ठेवावे, म्हणजे एका फुटाला एक इंच. सात फुटी दार सात इंचांचे होते आणि दाराची साखळी खोट्या दागिन्याच्या बारीक साखळीतून मिळते.

आता जिन्याखालच्या वाटेकडे पाहावे. थाप ऐकताच वडिलांच्या हातून काड्यापेटीतील काड्या तेथे सांडलेल्या आहेत. दोन इंची काडी या प्रमाणात चार मिलिमीटरची होते. तिच्यासाठी टूथब्रशचे केस कापावेत, टोके रंगाच्या थेंबात बुडवावीत आणि चिमट्याने एकेक काडी वेगवेगळ्या दिशेला चिकटवावी, कारण मूठभर एकदम टाकल्यास त्या सांडलेल्या न दिसता रचलेल्या दिसतात. पाहणाऱ्याची नजर आधी या काड्यांवर पडते आणि मग दाराकडे जाते, व त्याला बाहेरच्या माणसाची उणीव अजिबात भासत नाही.

निळा दिवा काढून टाकावा. घरातील मेणबत्ती विझलेली आहे. उजेड येतो तो समोरच्या रस्त्यावरील दिव्याचाच. दाराच्या मागे, पाहणाऱ्याला न दिसेल अशा जागी पिवळसर एलईडी बसवावा आणि दाराखाली दीड मिलिमीटरची फट ठेवावी, म्हणजे फरशीवर उजेडाची एकच पट्टी पडेल. दिवाळीत बॅटरीवर चालणाऱ्या पणत्या मिळतात, त्यांच्या आतील थरथरणारा दिवा येथे उत्तम चालतो, कारण कथेतील रस्त्यावरचा दिवाही लुकलुकणारा आहे. वरच्या खिडकीमागे दुसरा मंद दिवा ट्रेसिंग पेपरने झाकून ठेवावा, नाहीतर रांगणारे वडील कोणाला दिसणारच नाहीत. पॅरिसमध्ये 1822 साली लुई दगेर यांनी लोकांपुढे ठेवलेला पहिला डायोरामा हासुद्धा रंगवलेल्या पातळ कापडावर पुढून व मागून पाडलेल्या प्रकाशाचाच खेळ होता. फटीतल्या उजेडात दोन पायांची सावली पाडण्याचा मोह आपल्याला होईल. तो आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेर कोण आहे, याची खात्री कथा देत नाही, मग पेटीने ती का द्यावी?

प्रश्न : हाच प्रसंग आमच्याकडच्या जुन्या वाड्यात घडवला तर चालेल का?
— एक वाचिका, वाई

उत्तर : चालेल, मात्र केवळ सामान बदलून भागणार नाही, हालचालही बदलावी लागेल. भयकथालेखक नारायण धारप यांनी परदेशी कथाबीजे मराठी घरांत रुजवली, ती पात्रांची नावे बदलण्यापुरती नव्हती. वाड्याच्या दाराला अडसर दाखवला, की तो कमरेच्या उंचीवर येतो, आई तो एका हिसक्यात काढू शकते आणि प्रसंगातील सगळा विलंब संपतो. त्यापेक्षा वरच्या चौकटीला कडी-कोयंडा द्यावा आणि खुर्चीच्या जागी भिंतीला टेकवून ठेवलेला पाट आईने दाराशी उभा-आडवा करून पाहिलेला दाखवावा. पाटाची उंची पुरत नाही, हे पाहणाऱ्याला आपोआप कळते.

मापांसाठी मेणवलीचा नाना फडणीसांचा वाडा आपल्याला जवळ आहे. तेथे केवळ छायाचित्रे काढून परतू नये. उंबरा किती उंच, दाराची फळी किती जाड आणि देवळी जमिनीपासून किती वर, याची टिपणे घ्यावीत. लहान आकारात फसतात त्या नक्षीच्या गोष्टी नसून जाडीच्या असतात. वाड्याचे दार कार्डबोर्डइतके पातळ राहिले, तर त्यामागे कोणी उभे आहे यावर कोणाचाच विश्वास बसत नाही.

लाकूड जुने दिसण्यासाठी रंग वापरू नये. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भांडी घासण्याच्या लोखंडी तारेचा तुकडा झाकण सैल ठेवून एक-दोन दिवस भिजवावा. आइस्क्रीमच्या काड्यांवर आधी कडक कोऱ्या चहाचा हात द्यावा, तो वाळल्यावर हे पाणी फिरवावे. चहातील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने काडी डोळ्यांदेखत राखाडी-काळी पडत जाते. देवळीच्या वरचा धुराचा डाग मात्र खऱ्या काजळीचाच असावा. पणतीवर स्टीलची ताटली धरून काजळी जमवावी आणि कोरड्या ब्रशने खालून वर ओढावी.

प्रश्न : पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या भिंती वाकतात, बुरशीही येते. शिवाय तळ्यासाठी ओतलेले रेझिन दुधाळ झाले. उपाय सांगावा.
— एक वाचक, जावळी तालुका, जि. सातारा

उत्तर : पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद किंवा रंग लावला, की तो त्या बाजूला ओढला जातो, म्हणून दोन्ही बाजूंना सारखाच थर द्यावा आणि कडाही वार्निशने बंद कराव्यात. आपल्या भागातील पाऊस पाहता, भिंतींसाठी पुठ्ठा सोडून सनबोर्ड, म्हणजे पाणी न शोषणारा हलका प्लास्टिकचा तक्ता, घेणेच शहाणपणाचे ठरेल. खळ वापरायचीच असल्यास पुस्तके बांधणारे घालतात तसा चिमूटभर मोरचूद घालावा, मात्र तो विषारी असल्याने लहान मुलांपासून दूर ठेवावा. इपॉक्सी रेझिन दमट हवेत दुधाळ आणि चिकट होते, त्याला कोरड्या हवेखेरीज औषध नाही. एडगर ॲलन पो यांच्या कथेतील अशर घराण्याच्या वाड्यापुढील काळे तळे करत असाल, तर ते दिवाळीनंतर ओतावे, पातळ थरांत ओतावे, आणि छपरापासून नागमोडी उतरणारी ती बारीक भेग तळ्याच्या पाण्यात शिरेपर्यंत आधीच कोरून ठेवावी, कारण रेझिन घट्ट झाल्यावर तेथे हत्यार पोहोचत नाही.

प्रश्न : फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाच्या मानेतील बोल्ट कशाचे करावेत?
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : करूच नयेत. ते 1931 च्या चित्रपटातले आहेत. मेरी शेली यांच्या 1818 च्या कादंबरीत त्याची कातडी पिवळट, केस काळेभोर आणि उंची आठ फूट आहे. एकास बारा प्रमाणात तो आठ इंचांचा होईल. नोव्हेंबरच्या रात्री एकच्या सुमारास, तावदानांवर पाऊस वाजत असताना आणि मेणबत्ती संपत आलेली असताना तो डोळा उघडतो. तेव्हा आधी मेणबत्ती करावी, आणि तीही शेवटच्या पेराएवढीच उरलेली.