वैरी राष्ट्रांची युती खेळाडूंना पटेल अशी कशी रंगवायची?

तुम्ही विचारलंय की तुमच्या सायन्स फिक्शन कॅम्पेनमध्ये (म्हणजे टेबलावर अनेक बैठकांत चालणाऱ्या युद्धखेळात) परग्रही आक्रमण होतं, दोन हाडवैरी राष्ट्रं एकत्र येतात, आणि टेबलावरच्या कुणालाच ते पटत नाही. माझ्या मते युती का झाली हे तुम्ही सांगितलंत, पण तिच्यातून प्रत्येकाला काय हवंय आणि कुठल्या क्षणी तो अंग काढून घेईल, हे ठरवायचं राहिलंय. समान शत्रू एवढ्यावर तह होतो. टिकतो किंवा मोडतो तो हिशोबावर.

बॅटलटेक या भविष्यातल्या युद्धांच्या खेळातलं लुथिएन बघा. 3052 साली क्लॅन्स नावाचे आक्रमक ड्रॅकोनिस कम्बाइन या राज्याच्या राजधानीवर, म्हणजे लुथिएनवर चालून येतात आणि मदत येते ती शेजारच्या राज्याचा राजा हान्स डेव्हियन याच्याकडून, म्हणजे पिढीजात शत्रूकडून. तो पाठवतो वुल्फ्स ड्रॅगून्स आणि केल हाउंड्स या भाडोत्री फौजा. त्यातल्या ड्रॅगून्सचं तर कम्बाइनवर राज्य करणाऱ्या कुरिता घराण्याशी रक्ताचं वैर. तरीही प्रसंग खरा वाटतो, कारण कम्बाइन कोसळलं तर पुढचा घाव आपल्यावर, हे डेव्हियनला दिसतंय. प्रेम कुठेच नाही. म्हणूनच मला तो प्रसंग फार आवडतो.

ठाण्यात राहणाऱ्याला असं उदाहरण घराजवळच सापडतं. डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला (आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे) आणि साष्टी गेली. पुढे 1780 मध्ये नाना फडणवीसांनी हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणलं. हैदराशी मराठ्यांच्या किती लढाया झाल्या होत्या! इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने ही चौकडी कशी फोडली ते तुमच्या कामाचं आहे: निजामाला गुंटूर परत दिलं, भोसल्यांना पैसा पुरवला. 1782 च्या सालबाईच्या तहात मराठ्यांनी वेगळी समेट केली, साष्टी इंग्रजांकडेच राहिली, आणि हैदराने कर्नाटकात जिंकलेला मुलूख सोडावा असं कलम त्याला बाजूला ठेवूनच घातलं गेलं. 1790 मध्ये तर मराठे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूने टिपूवर गेले. यातल्या प्रत्येकाचं वागणं त्याच्या जागेवरून बघितलं तर समजण्यासारखं आहे. तुमच्या राष्ट्रांचंही तसंच वाटायला हवं.

आता टेबलावरचं. अविश्वास फक्त कथेत राहिला तर दुसऱ्या टर्नला (पाळीला) सगळे तो विसरतात, म्हणून तो नियमात आणा. वॉरहॅमर 40,000 या टेबलावरच्या युद्धखेळाच्या 2012 च्या सहाव्या आवृत्तीत नाइलाजाने झालेल्या मित्रांसाठी सुंदर नियम होता: दोघांच्या तुकड्या 6 इंचांच्या आत आल्या की टर्नच्या सुरुवातीला फासा टाकायचा. 1 पडला तर ती तुकडी त्या टर्नला हलत नाही, गोळी झाडत नाही, नुसती शेजाऱ्यावर डोळा ठेवून उभी. ऐन मोक्याच्या वेळी टँक असे थिजले की युतीबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

आमचा घोडबंदर रोडवरचा रविवारचा ग्रुप आणखी एक गोष्ट करतो. कॅम्पेन सुरू होण्याआधी प्रत्येक जण बंद पाकिटात दोन ओळी लिहितो: मला शेवटी काय मिळालं पाहिजे आणि काय गमवायची वेळ आली तर मी निघून जाईन. पाकिटं गेम मास्टरकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडे. मग इंधनाचा ताफा कुणाच्या हद्दीतून न्यायचा यावरच तास-तासभर घासाघीस होते, आणि ती बघताना मला लढाईइतकीच मजा येते.

तुमच्या आक्रमकांना एक हेस्टिंग्ज द्या. दर दोन-तीन टर्नांनी त्याने दोघांपैकी एकालाच, दुसऱ्याला कळू न देता, वेगळ्या तहाचा प्रस्ताव पाठवावा: एक ग्रह परत, कैदी परत, सीमेवर शांतता. प्रस्ताव पाकिटातल्या पहिल्या ओळीला अगदी भिडेल असा ठेवा आणि उत्तर द्यायला एकच टर्न द्या.